पाचशे राउटर आणि एक निरोप



एका बँकेच्या पाचशे शाखा आहेत असे समजा. प्रत्येक शाखेत, बहुधा भिंतीवरच्या एखाद्या लहानशा कपाटात, राउटर नावाचे एक यंत्र बसवलेले असते. शाखेतील संगणकांची माहिती मुख्य कचेरीकडे आणि तिकडची माहिती इकडे, योग्य वाटेने धाडणे हे त्याचे काम. रेल्वेच्या जंक्शनवर सांधा बदलणारा माणूस जशी प्रत्येक गाडी तिच्या रुळावर घालतो, तसाच हा प्रकार.

या राउटरला स्वतःचे घड्याळही असते. ते मागेपुढे होऊ नये म्हणून राउटर अधूनमधून एका विशिष्ट संगणकाला वेळ विचारतो. त्या संगणकाला टाइम सर्व्हर म्हणतात. रात्री कुठे बिघाड झाला तर आधी कोणता राउटर बंद पडला आणि नंतर कोणता, हे त्यांच्या नोंदींतील वेळांवरूनच शोधायचे असते. घड्याळे चुकली तर हा तपास करताच येत नाही.

आता बँकेने जुना टाइम सर्व्हर काढून नवा बसवला. त्याचा पत्ता निराळा आहे. म्हणजे पाचशे राउटरना एक छोटासा निरोप द्यायला हवा : ‘यापुढे वेळ या नव्या पत्त्यावर विचारा.’ एका माणसाने एकेका राउटरशी संपर्क साधून ही दुरुस्ती केली आणि प्रत्येकाला ५ मिनिटे लागली, तर किती वेळ जाईल? ५०० × ५ = २५०० मिनिटे, म्हणजे ४१ तास ४० मिनिटे. रोज आठ तास काम केले तरी पाच दिवसांहून अधिक! शिवाय तेच ते काम करताना माणूस कंटाळतो. शंभरात एकच चूक झाली असे धरले तरी पाच राउटर चुकीच्या पत्त्यावर वेळ विचारत बसतील, आणि ते पाच कोणते हे कोणालाच ठाऊक नसेल.

मग हा निरोप संगणकालाच देऊ द्यावा असे कोणालाही सुचेल. पण एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला काम सांगायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि त्यात धोका कोणता? आजच्या पाठात आपण हेच पाहणार आहोत.

माणसासाठी केलेली सोय

दूरच्या यंत्राशी पडद्यावरून संभाषण करण्याची युक्ती जुनी आहे. १९६९ साली, अर्पानेट हे संगणकांचे जाळे नुकतेच उभे राहत असताना, टेलनेट नावाची पद्धत निघाली. तुम्ही आज्ञा टंकित करायची, दूरच्या यंत्राने उत्तर पडद्यावर लिहायचे. पद्धत सोपी, पण तिच्यात एक मोठी उणीव होती. परवलीचा शब्दसुद्धा तारेतून जसाच्या तसा, उघडा जात असे. वाटेत कान लावून बसलेल्याला तो सहज मिळे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात अशीच चोरी झाली. तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी सगळे संभाषण कुलूपबंद करून नेणारी एसएसएच ही पद्धत तयार केली. टेलनेटचे दार २३ क्रमांकाचे आणि फाइल पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचे २१ क्रमांकाचे. मधला २२ रिकामा होता, तोच एसएसएचला मिळाला.

एसएसएचमुळे चोरीचा धोका कमी झाला. पण पडद्यावरचे उत्तर माणसाने वाचावे, हीच कल्पना तेथेही कायम होती. मग लोकांनी अशा आज्ञावली लिहिल्या की त्या माणसाचे सोंग घेऊन आज्ञा टंकित करीत आणि पडद्यावर आलेल्या मजकुरात ठरावीक शब्द शोधीत. हे काही दिवस ठीक चाले. पुढे राउटरच्या नव्या आवृत्तीत उत्तराचे शब्द थोडे बदलले की आज्ञावली गोंधळून जाई. ‘पाऊस थांबला’ आणि ‘पाऊस उघडला’ या दोहोंचा अर्थ एकच, हे तुम्हाला सांगावे लागत नाही. ‘थांबला’ हा शब्द शोधणाऱ्या यंत्राला मात्र दुसरे वाक्य दिसतच नाही.

१९८८ साली आलेल्या एसएनएमपी या पद्धतीने यंत्रांची स्थिती विचारणे सोपे झाले होते. पण यंत्रांत बदल करण्यासाठी लोक तिचा फारसा उपयोग करीत नसत. २००२ साली इंटरनेटची मानके ठरवणारे तज्ज्ञ आणि प्रत्यक्ष जाळी चालवणारे लोक एकत्र बसले. जाळी चालवणाऱ्यांनी आपल्या अडचणी स्पष्ट मांडल्या. यंत्राने काय करावे ही ‘ठरवलेली माहिती’ आणि यंत्र सध्या काय करीत आहे ही ‘चालू स्थिती’ या दोन गोष्टी वेगळ्या दिसाव्यात, आणि एकेका यंत्राऐवजी साऱ्या जाळ्याचा एकत्र विचार करता यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून २००६ साली नेटकॉन्फ हे मानक निघाले. २०१० मध्ये माहितीचा साचा लिहिण्याची यांग ही भाषा आली. आणि जानेवारी २०१७ मध्ये वेबच्या नेहमीच्या रीतीने हेच काम करणारे रेस्टकॉन्फ प्रसिद्ध झाले.

आरक्षणाचा अर्ज

यंत्राला यंत्राशी बोलण्यासाठी ठरवून दिलेल्या अशा रीतीला एपीआय म्हणतात. ती वेबवरून चालत असेल तर वेब एपीआय. नाव नवे असले तरी कल्पना तुमच्या ओळखीची आहे. रेल्वेच्या खिडकीवर मिळणारा आरक्षणाचा अर्ज आठवा. गाडीचा क्रमांक, तारीख, कोठून, कोठे, प्रवाशाचे नाव, वय. प्रत्येक गोष्टीला ठरलेला रकाना. खिडकीमागच्या कारकुनाला तुमची बोली ओळखीची नसली तरी चालते. रकाना बरोबर भरला की काम होते.

राउटरच्या अर्जात कोणते रकाने असावेत आणि त्यांत काय बसेल, हे यांग भाषेतला साचा सांगतो. ‘येथे फक्त ० ते ६५५३५ मधील संख्या चालेल’ असे साच्यात असेल, तर ७०००० लिहिलेला अर्ज राउटर परत करतो. चूक खिडकीवरच अडते, आत शिरत नाही.

राउटरमधील प्रत्येक माहितीला टपालासारखा पत्ता असतो : राउटर, त्यातील माहिती, त्यातील यंत्रणा, त्यातील वेळ, त्यातील ‘मुख्य’ नावाचा सर्व्हर. या पत्त्यावर काय करायचे ते सांगणारी क्रियापदे मोजकीच आहेत :

गेट : येथे काय लिहिले आहे ते सांग.
पोस्ट : येथे नवी नोंद घाल.
पुट : येथील नोंद अशी असू दे, जुनी असली तर तिच्या जागी ही ठेव.
पॅच : नोंदीतील एवढाच भाग बदल.
डिलीट : नोंद काढून टाक.

वेबपान उघडताना तुमचा मोबाइलही यांतील ‘गेट’ वापरतोच. त्यामुळे राउटरसाठी निराळे काही शोधून काढावे लागले नाही.

उत्तरही ठरलेल्या आकड्यात येते. २०० म्हणजे ‘घ्या, ही माहिती’. २०१ म्हणजे ‘नवी नोंद झाली’. २०४ म्हणजे ‘काम झाले, निराळे सांगण्यासारखे काही नाही’. ४०१ म्हणजे ‘तुमची ओळख पटत नाही’. ४०४ म्हणजे ‘त्या पत्त्यावर काहीच नाही’. ४०९ म्हणजे ‘आधीच्या नोंदीशी किंवा दुसऱ्याच्या चालू कामाशी विरोध येतो’. आता ‘थांबला’ आणि ‘उघडला’ यांचा घोटाळा उरला नाही.

जोडणीसाठी पाच गोष्टी

बँकेच्या मुख्य कचेरीत एक नियंत्रक संगणक आहे. पाचशे राउटरशी आपोआप जोडणी करण्यासाठी त्याच्याजवळ एक नोंदवही हवी. तीत प्रत्येक राउटरपुढे पाच गोष्टी लिहिलेल्या असतात.

पहिली, पत्ता. उदाहरणार्थ १९२.०.२.१०. (हा पत्ता पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे, त्यामुळे तो खरोखरीच्या कोणाचाही नाही.)

दुसरी, दाराचा क्रमांक. रेस्टकॉन्फसाठी सुरक्षित वेबचे ४४३ क्रमांकाचे दार वापरतात. एसएसएचवरून चालणाऱ्या नेटकॉन्फसाठी ८३०.

तिसरी, आपली ओळख. आज्ञावलीसाठी वेगळे खाते असावे आणि त्याला कामापुरताच अधिकार द्यावा. परवलीचा शब्द आज्ञावलीच्या मजकुरात कधीही लिहू नये. तो वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावा. आज्ञावलीच्या प्रती अनेकांकडे जातात, किल्ली जाता कामा नये.

चौथी, समोरच्याची ओळख. आपण ज्याच्याशी बोलतो आहोत तो आपलाच राउटर कशावरून? त्यासाठी राउटर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि नियंत्रक ते पडताळून पाहतो. घाई असली की ही तपासणी बंद करण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण दारावरच्या अनोळखी माणसाला ओळखपत्र न पाहता घराची किल्ली देण्यासारखे ते आहे.

पाचवी, थांबण्याची मुदत. राउटरने उत्तर दिले नाही तर किती वाट पाहायची? समजा १० सेकंद. मग पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा? समजा तीनदा, आणि दर वेळी मधली विश्रांती वाढवीत : ५, मग १०, मग २० सेकंद. आधीच कामाने दमलेल्या यंत्राचे दार सारखे ठोठावले तर ते अधिकच दमते, म्हणून ही वाढती विश्रांती.

ही नोंदवही हाताने भरायलाच हवी असे नाही. बहुतेक नियंत्रकांना त्यांचा स्वतःचा वेब एपीआय असतो. नवी शाखा उघडली की शाखांचा हिशेब ठेवणारी दुसरी आज्ञावली ‘पोस्ट’ करून नवा राउटर नोंदवते. शाखा बंद झाली की ‘डिलीट’ करते.

दिवा लाव की बटण दाब?

आता नियंत्रक कामाला लागतो. राउटरशी जोडणी करतो आणि आधी ‘गेट’ने सध्याचा पत्ता विचारतो. पत्ता नवाच असेल तर काहीही न करता पुढे जातो. जुना असेल तर ‘पुट’ने नवा लिहितो आणि लगेच पुन्हा ‘गेट’ करून खात्री करून घेतो. आधी पाहा, मग बदला, मग पुन्हा पाहा. प्रयोगशाळेतही तुम्ही असेच करता, नाही का?

पण एक पेच आहे. नियंत्रकाने ‘पुट’ पाठवला आणि उत्तरच आले नाही. यातून दोन शक्यता निघतात. एक, निरोप पोचलाच नाही. दोन, निरोप पोचला, काम झाले, पण ‘झाले’ हे उत्तर वाटेत हरवले. नियंत्रकाला दोन्ही शक्यता सारख्याच दिसतात. मग निरोप पुन्हा पाठवावा की नाही?

हे समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करा. एका मित्राला दाराबाहेर उभे करा. तेथून त्याला दिवा दिसता कामा नये. दुसऱ्याला आत दिव्याच्या बटणाशी उभे करा. बाहेरचा चिठ्ठीवर लिहून निरोप पाठवील, आतला ‘झाले’ अशी चिठ्ठी परत देईल. चिठ्ठ्या नेणारा तिसरा मित्र अधूनमधून एखादी चिठ्ठी मुद्दाम खिशात घालील. उत्तर आले नाही की बाहेरच्याने तोच निरोप पुन्हा पाठवायचा. पहिल्या खेपेस निरोप असू दे, ‘बटणाची स्थिती बदल’. दुसऱ्या खेपेस, ‘दिवा लागलेला असू दे’. दहा-दहा वेळा करून पाहा.

पहिल्या निरोपात घोटाळा होतो. उत्तराची चिठ्ठी हरवली की दुसरा निरोप लागलेला दिवा विझवतो. दुसऱ्या निरोपात मात्र तो कितीही वेळा पाठवला तरी शेवट एकच : दिवा लागलेला. यातले रहस्य एवढेच की पहिला निरोप ‘काय कर’ हे सांगतो, दुसरा ‘शेवटी काय असावे’ हे सांगतो. ‘पुट’ हा दुसऱ्या जातीचा निरोप आहे; म्हणून उत्तर हरवले तर तो निर्धास्तपणे पुन्हा पाठवता येतो. ‘पोस्ट’चे तसे नाही. रेस्टकॉन्फमध्ये तीच नोंद ‘पोस्ट’ने दुसऱ्यांदा घालू गेल्यास राउटर ४०९ म्हणून नकार देतो. इतर ठिकाणी अशी तपासणी नसेल तर एकाच गोष्टीच्या दोन नोंदी होऊन बसतात.

वेग आणि चूक

समजा प्रत्येक राउटरला अर्धा मिनिट लागतो. एकामागून एक गेल्यास २५० मिनिटे. एका वेळी २० राउटर घेतले तर २५ फेऱ्या, म्हणजे साडेबारा मिनिटे. पाच दिवसांचे काम साडेबारा मिनिटांत!

आनंद झाला ना? पण आता उलट बाजू पाहा. निरोपच चुकीचा असेल तर साडेबारा मिनिटांत पाचशेच्या पाचशे राउटर चुकीचे होतील. हाताने काम करणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या राउटरपाशी थबकला असता, ‘काहीतरी चुकते आहे’ असे म्हणाला असता. यंत्र थबकत नाही. थबकावे कुठे हे त्याला आपणच आधी सांगावे लागते. म्हणून जाणते लोक आधी प्रयोगशाळेतील एका राउटरवर, मग पाच शाखांवर, मग पन्नास, आणि प्रत्येक टप्प्यावर तपासून मग उरलेल्यांवर काम सोडतात. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक राउटरनी नकार दिला तर पुढचे काम आपोआप थांबते.

हा धोका पुस्तकी नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इंस्टाग्राम ही तिन्ही जगभर एकदम बंद पडली. कारण कंपनीनेच नंतर जाहीर केले. नेहमीच्या देखभालीत, आपल्या डेटा केंद्रांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा दिली गेली. तिने त्या जाळ्याच्या साऱ्या जोडण्याच तोडल्या. अशा घातक आज्ञा अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातच दोष असल्याने तिने आज्ञा अडवली नाही. नावावरून पत्ता सांगणारे कंपनीचे सर्व्हर डेटा केंद्रांपासून तुटले. आपल्यात काही बिघाड आहे असे धरून, ठरल्याप्रमाणे, त्यांनी आपल्याकडे येण्याच्या वाटाही जाहीर करणे थांबवले. त्यामुळे बाहेरच्या जगाला फेसबुक सापडेना.

दुरुस्ती करावी तर ती ज्या जाळ्यातून करायची तेच बंद! अडचणीसाठी राखलेली वेगळी वाटही चालेना. शेवटी अभियंत्यांना डेटा केंद्रांत प्रत्यक्ष पाठवावे लागले, आणि कडेकोट बंदोबस्तातून आत शिरण्यातही वेळ गेला. सगळे पूर्ववत होईपर्यंत सुमारे सहा तास लोटले. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. ती येथे अक्षरशः घडली.

विहिरीतला माणूस

मग अशी फांदी तुटलीच तर सावरायचे कसे? विहिरीत उतरणारा माणूस काय करतो ते आठवा. तो कमरेला दोर बांधतो आणि वरच्याला सांगतो, ‘दहा मिनिटांत माझी हाक आली नाही तर दोर ओढ.’ संकटात हाक मारता येईलच असा त्याला भरवसा नसतो. म्हणून हाक न येणे हीच तो खूण ठरवतो.

नेटकॉन्फमध्ये नेमकी हीच सोय आहे. ज्या यंत्रांत ती असते त्यांना नियंत्रक सांगू शकतो, ‘हा बदल कर, पण मी ठरल्या वेळात पक्के केले नाही तर आपोआप जुन्या स्थितीवर ये.’ वेळ निराळी सांगितली नाही तर ती ६०० सेकंद, म्हणजे बरोबर दहा मिनिटे धरली जाते. बदलामुळे वाटच तुटली तर पक्के करण्याचा निरोप राउटरपर्यंत पोचणारच नाही. दहा मिनिटे भरताच राउटर स्वतः जुनी माहिती परत आणील आणि वाट पुन्हा उघडेल. दूरच्या शाखेपर्यंत माणसाला धावत जावे लागणार नाही.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की ही सोय चूक टाळत नाही. चूक होणारच असे धरून परतीची वाट ती आधी तयार ठेवते. निरोप देणाऱ्याचा हात तुटला तरी दोर ओढणारा जागेवर असला पाहिजे, आणि तो यंत्राच्या बाजूलाच असला पाहिजे.

तेव्हा यंत्राकडून यंत्राला काम सांगताना चार प्रश्न स्वतःला विचारा. मी ‘काय कर’ सांगतो आहे की ‘शेवटी काय असावे’? बदलाच्या आधी आणि नंतर तपासतो आहे ना? चूक झाली तर काम कितव्या यंत्रापाशी थांबेल? आणि वाट तुटली तर दोर कोण ओढील? चौथ्याचे उत्तर मिळाल्याखेरीज पाचशे राउटरना तो छोटासा निरोपही धाडू नका.

स्वाध्याय

१. पाचशे राउटर, प्रत्येकी अर्धा मिनिट, एका वेळी ५० राउटर घेतले तर किती वेळ लागेल? मग एका वेळी पाचशेही का घेत नाहीत?
२. पुढील निरोपांपैकी कोणते दोनदा पाठवले तरी चालतील? ‘घड्याळ पाच मिनिटे पुढे कर’, ‘घड्याळात दहा वाजव’, ‘खिडकी बंद असू दे’, ‘आणखी एक खुर्ची आण’.
३. वेगळ्या संकटकालीन वाटेचा आणि दहा मिनिटांच्या मुदतीचा उपयोग एकच आहे का? एक असता दुसरी का लागावी, यावर वर्गात चर्चा करा.